आज नळाचा दिवस

पहाटे ४.४५

वॉलमनचा मिस्ड कॉल येतो. आमच्या प्रभागाचा वॉल उघडला, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटांत गल्लीतले टिल्लू पंप एकामागून एक घुरघुरायला लागतात, बादल्या वाजतात, कोणीतरी कोणाच्या तरी नावानं ओरडतं. पुढचा दीड तास गावात फक्त पाण्याचंच बोलणं चालतं.

मी नळ फिटिंग करतो. त्याच्या जोडीला गिझर, आरओ आणि उन्हाळ्यात कूलर. आयटीआयचं नळ कारागीर म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र दुकानात टांगलेलं आहे. गिऱ्हाईक त्याच्याखाली बसून 'तुमी इलेक्ट्रिकचे ना?' असं विचारतं. गाव तालुक्याचं, अमरावती जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पूर्णेच्या खोऱ्यातलं. नळाला येतं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणाचं, लांबून पाइपातून आलेलं गोडं पाणी. जमिनीखाली आहे ते खारपाणपट्ट्याचं, खारं. नळ काही दिवसांआड, बोअर रोज. त्यामुळे बहुतेक घरांत दोन्ही पाणी असतं, आणि माझं पोट या दोन पाण्यांच्या मधे भरतं.

नळाच्या दिवशी मी स्वतःचं पाणी भरायच्या आधी टॉर्च घेऊन गल्लीत एक फेरी मारतो. टिल्लू पंप थेट नळाला जोडायला परवानगी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि पंप सगळ्यांकडे आहेत. जो लावत नाही त्याच्या हौदात पाणी पडत नाही, म्हणून तोही लावतो. वीस घरांनी एकाच पाइपातून पाणी ओढायला घेतलं की उंचावरच्या भागात पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मग पाइपाला जिथं भोक असेल, जोड सैल असेल, तिथून पाणी बाहेर न येता बाहेरचं आत जातं. बाहेर काय असतं? आमच्याकडे नळाचे निम्मे जोड नालीतून गेलेले आहेत. तेव्हा उत्तर मी लिहीत नाही.

६.३०

पहिल्या एक-दोन बादल्या तांबूस येतात. चार-पाच दिवस रिकाम्या पाइपात हवा फिरते, गंज सुटतो, तो पहिल्या लोंढ्यात येतो. हे पाणी झाडांना घालावं, पण शेजारच्या काकू तेही टाकीत सोडतात. "खाली बसते न मंग ते!" बसतं, खरं आहे. टाकीच्या तळाशी बसतं आणि वर्षभर बसूनच राहतं.

वॉलमन जाताना माझ्याकडे थांबतो. त्याच्या खिशात ओटीची बाटली असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या घरालाही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळायला हवा, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. गल्लीच्या तोंडाशी नळी झेंडूसारखी पिवळी होते. आमच्या टोकाला आज फिकट पिवळी झाली. म्हणजे ठीक. कधी कधी काहीच होत नाही, आणि त्या दिवशी गल्लीत चार लोक म्हणतात, "आज पानी मस्त होतं, वास बी नव्हता." टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा, वास आला की पाणी खराब, नाही आला की चांगलं, हा हिशेब इथं पक्का बसलेला आहे. बरोबर उलटा आहे.

८.१५

पहिला कॉल गिझरचा. फेब्रुवारी संपत आलेला, होळी तोंडावर, म्हणजे या मोसमातले शेवटचे गिझर. "भाऊ, लाइट लागते पन पानी गरमच नाई करून रायला." पंचवीस लिटरचा, तीन वर्षांचा. मी पाणी सोडून दिलं, खालची झाकणी उघडली, कॉईल ओढली तर ती येईना. सोबत आलेल्या भाच्याला म्हटलं, खाली घमेलं धर. दोन हिसके दिल्यावर कॉईल निघाली आणि तिच्यामागून धडाधड पांढरे कपचे पडले. अंड्याच्या टरफलापेक्षा जाड, आतल्या बाजूनं कॉईलच्या वळणाचा ठसा घेतलेले, काही ठिकाणी गंजानं पिवळट. अर्धं घमेलं भरलं. त्या थराच्या आत कॉईलचा तांब्याचा पत्रा तडकलेला होता. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, कॉईल स्वतःच तापत जाते आणि एक दिवस फुटते. वीज मात्र तेवढीच जळते, किंबहुना जास्त.

वहिनींनी एक कपचा बोटांत धरून पाहिला. "हे आमच्या पोटात बी जमत असन न?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाणी जड होतं ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. त्यातला जो भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो तो पाणी तापवल्यावर फुटतो, वायू सुटतो आणि चुन्याचाच भाऊ असलेलं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. हा झाला तात्पुरता जडपणा, पाणी उकळल्यानं जाणारा. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला भाग कितीही उकळा, तसाच राहतो. तो कायमचा. गिझरमध्ये बसतो तो पहिला. समजा, बोअरच्या एका लिटरात असा बसण्याजोगा माल ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज चार बादल्या, म्हणजे साठेक लिटर पाणी तापतं. रोजचे १८ ग्रॅम झाले. गिझरच्या तापमानाला सगळा बसत नाही. एक तृतीयांश धरला, तरी थंडीच्या चार महिन्यांत ७२० ग्रॅम. अर्धं घमेलं कुठून आलं, ते कळलं असेल.

पण पोट म्हणजे गिझर नव्हे. पोटात पाणी साठ अंशांना तापत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतंच, दुधातून, भाकरीतून आपण ते घेतोच. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅम ही चांगली पातळी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. मुतखड्याचं विचाराल तर डॉक्टरकडे जा. पण गावातले डॉक्टर सगळ्यांना एकच गोष्ट आधी सांगतात, पाणी जास्त प्या. खाऱ्या चवीमुळे माणूस पाणीच कमी पितो, हा घोळ मोठा.

टाकीत लिंबूसत घातलेलं कोमट पाणी भरून ठेवलं. आत फसफस सुरू झाली, ती अर्धा तास ऐकू येत होती. हे काम लोक संडास धुवायच्या ॲसिडनं करतात, एका मिनिटात होतं, आणि टाकीचं आतलं अस्तरही एका मिनिटात जातं. नवी कॉईल, नवा मॅग्नेशियमचा रॉड, थर्मोस्टॅट पन्नासवर. मग खरं काम, जे कोणी मागत नाही. छतावर दोन टाक्या आहेत, एक नळाची आणि एक बोअरची. गिझरला पाणी बोअरच्या टाकीतून होतं. पाइप बदलून नळाच्या टाकीला जोडला. दोन एल्बो, एक टी, चार फूट पाइप. घर बांधतानाच हे झालं असतं तर त्या घमेल्यातला निम्म्याहून जास्त माल पडलाच नसता. गवंडी एकच लाइन टाकतो, कारण मालक एकाच लाइनीचे पैसे देतो.

१०.००

आरओची सर्व्हिस करायला गेलो तर तिथं आधीच दुसरा पाहुणा बसलेला. टाय लावलेला, शहरातून आलेला मुलगा, पायाशी पेटी. घरचे काका म्हणाले, "थांब बाप्पा, हा दाखवून रायला, पाय तू बी."

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात घरचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'शुद्ध'. वर चार कांड्यांचं यंत्र ठेवलं आणि बटन दाबलं. मिनिटभरात नळाच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ तरंगायला लागला, वर काळपट फेस. दुसरा ग्लास स्वच्छ. काकूंनी पदर तोंडाला लावला. "हे आपुन पेतो?"

मुलगा नम्र होता, पोटासाठी फिरत होता. त्याला अपमान वाटू नये म्हणून मी फक्त म्हटलं, "तुझ्याच बाटलीतलं पाणी परत घे. त्यात घरचं चिमूटभर मीठ टाक आणि आता लाव." तो हसला, नको म्हणाला. काकांनी मीठ आणलं. बटन दाबल्यावर 'शुद्ध' पाण्याचा ग्लास नळाच्या ग्लासापेक्षा काळा झाला.

त्या कांड्यांतल्या दोन लोखंडाच्या असतात, दोन ॲल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं, आणि तो गाळ म्हणजे त्या कांडीचाच गंज असतो. पाण्यात आधी नसलेली घाण यंत्र तिथंच तयार करतं. क्षार नसले की वीज वाहत नाही, कांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. म्हणजे हा खेळ फक्त एवढंच सांगतो की पाण्यात क्षार आहेत. ते तर काकूंची जीभही सांगत होती.

पेटीतला दुसरा देव टीडीएस मीटर. पेनासारखा, सगळ्यांकडे झालाय. तोही क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. पाण्यात चमचाभर साखर घाला, आकडा जागचा हलणार नाही. नालीतले जंतू पडले असतील, आकडा हलणार नाही. कीटकनाशक असेल, तरी हलणार नाही. माझ्या मीटरवर त्या घरच्या नळाचा आकडा अडीचशेच्या आत होता, बोअरचा अठराशेच्या वर. नळाच्या त्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी नालीत सोडून उरलेल्यातून चव काढून घेणं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली हेच म्हटलं होतं, टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओ नको.

मी स्वतः आरओ विकतो, दुरुस्त करतो. पिण्यासाठी ज्यांच्याकडे बोअरशिवाय काहीच नाही, त्यांना मीच लावून देतो, आणि जे पाणी बाद जातं ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरा असं सांगतो. भांडी घासायला नको, डाग पडतात. झाडांना तर नकोच, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. पण नळाचं पाणी येणाऱ्या घरात गाळणी, कार्बन आणि यूव्हीचा दिवा एवढं पुष्कळ होतं. काकांचा आरओ मी तसाच केला, मेम्ब्रेन बाजूला काढून ठेवली. टायवाला मुलगा चहा घेऊन गेला. जाताना त्यानं माझा नंबर घेतला.

१२.३०

बसस्टँडमागच्या खानावळीत जेवण. मावशींकडे वीस वर्षांपासून एकच नियम आहे. वरण नळाच्या पाण्यात, बाकी सगळं बोअरच्या. तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात टाकली की शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, दाणा वरून मऊ आणि आत कचकचीत राहतो. घोटलं तर पाणी वेगळं, डाळ वेगळी. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन जड पाण्यातल्या कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं, ते सुटतच नाही. काही हॉटेलवाले चिमूटभर खायचा सोडा टाकतात. डाळ शिजते, पण ब जीवनसत्त्वातलं थायमिन मरतं आणि चवीला साबणाची झाक येते. मावशींचं मत, "सोडा टाकला का वरन नाई रायत, रांगोळी होते."

नळ लांबला की मावशी डाळीसाठी पिंपात राखलेलं पाणी कुलपात ठेवतात. एकदा ते संपलं तेव्हा त्यांनी फळ्यावर 'आज वरण नाही' लिहिलं होतं. गिऱ्हाईक तुटलं नाही.

२.००

उन्हाचा चटका आता जाणवायला लागलाय. दुपारी कूलर काढायची कामं. विदर्भात कूलर ही घरातल्या माणसासारखी गोष्ट आहे, आणि खारपाणपट्ट्यात तो माणूस लवकर म्हातारा होतो.

गच्चीवरून उतरवलेल्या कूलरच्या ताट्या हातात घेतल्या. वूडवूलचं गवत मुळात मऊ असतं. हे पापडासारखं कडक, बोटानं दाबलं की मोडून पांढरी भुकटी पडते. जिभेला लावली तर खारट. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. अठराशे टीडीएसचं चाळीस लिटर पाणी दिवसभरात उडालं तर ७० ग्रॅमच्या वर क्षार ताट्यांत आणि टाकीत जमा. वरून आपण तेच पाणी भरत राहतो, टाकीतलं पाणी रोज जास्त खारं होतं, पत्रा खालून कुजतो, छोट्या मोटरीचं तोंड बंद होतं. उपाय फुकट आहे. दर तीन-चार दिवसांनी टाकीतलं सगळं पाणी सोडून द्यायचं आणि टाकी घासून पुन्हा भरायची. डेंगूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, तोही यातच जातो. लोकांना मात्र पाणी 'वाया' घालवणं जिवावर येतं. यात त्यांचा दोष नाही. पाण्यासाठी ज्यानं पहाट जागवलीय त्याला टाकी उपडी कर असं सांगणं सोपं नसतं.

हे खारं पाणी आलं कुठून? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी पूर्णा, ती पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. या दोन डोंगरांमधल्या खोलगट पट्ट्यात नदीनं लाखो वर्षं गाळ आणून टाकला, शेकडो फूट जाड. महाराष्ट्रात इतरत्र थोडं खणलं की काळा दगड लागतो. इथं मातीच लागत राहते, चिकण आणि घट्ट. पाण्याचा निचरा होत नाही, क्षार वाहून जात नाहीत, साठत राहतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्यांचा हा पट्टा. विहीर खणली तर पाणी आहे, पण पिकाला दिलं तर जमीन चिबडते. म्हणून इथली शेती पावसावरची, कापूस आणि पावसाळी ओलीवरचा हरभरा. आणि म्हणून प्यायचं पाणी सातपुड्याच्या धरणांतून, वान, शहानूर यांसारख्यांतून, शेकडो खेड्यांना पाइपानं आणावं लागलं. म्हाताऱ्या माणसांना त्याआधीचे दिवस आठवतात. नदीच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीनं गोडं पाणी भरायचे.

खारं आणि जड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथं सांगायला हवं. मिठाचा सोडियम पाणी खारट करतो, पण साबणाचा फेस अडवत नाही, कॉईलवर थरही धरत नाही. कॅल्शियमचं पाणी तोंडाला फारसं खारट लागत नाही, पण साबणाचा साका करतं. साबण कॅल्शियमला भेटला की चिकट, राखाडी दही होतं आणि ते बादलीच्या कडेला चिकटतं. गावात दोन्हीला 'जड' म्हणतात आणि दोन्हीवर एकच यंत्र घेतात. आमच्या बोअरला दुर्दैवानं दोन्ही आहे.

४.००

शेजारच्या खेड्यातल्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं आणि कागद मला दाखवायचा होता. पाणी तपासायची सोय सरकारी आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत, खाली उपविभागालाही आहेत, खर्च किरकोळ. तरी शंभरात एखादा माणूस तिथं जातो.

सरांनी एका आकड्याखाली लाल रेघ ओढली होती, जडपणा ५८०. "दोनशेच्या कितीतरी वर आहे हो. पोरांना काय होईल?" मी म्हटलं, सर, त्यानं नळाच्या तोट्या खराब होतील. खाली वाचा. खाली नायट्रेट ९२ होतं. मर्यादा ४५, आणि या एका बाबतीत मानकात 'दुसरा स्रोत नसेल तर' अशी सूट नाही. त्या आकड्याखाली रेघ नव्हती.

नायट्रेट दिसत नाही, वास येत नाही, चव येत नाही. उकळलं तर पाणी आटून ते उलट घट्ट होतं. दूधपित्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात दूध कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. येतं कुठून? शेतातल्या युरियातून, गोठ्यातून, आणि सगळ्यांत जवळून म्हणजे संडासाच्या टाकीतून, जिला आमच्याकडे झाडून सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. आम्ही बोअरपासून मोजत गेलो. मुलांच्या संडासाची टाकी भिंतीपलीकडेच होती, तळ फरशी न केलेला.

सरांनी विचारलं, "मग फिल्टर कोणता लावू?" मी म्हटलं, पिण्यासाठी बोअर बंद करा आणि योजनेच्या नळाची टाकी मोठी करा. फिल्टर विकण्यापेक्षा हे सांगायला वेळ जास्त लागला. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोताच्या परिसराचं सर्वेक्षण करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, ते याच गोष्टींवर ठरतं. बोअरभोवती ओटा आहे का, घाण किती लांब आहे, टीसीएल पुरेशी आहे का. कार्डाचा रंग गावात माहीत असणारा माणूस मला अजून भेटायचाय.

५.३०

लाँड्रीवाल्याचा सॉफ्टनर. यात मीठ टाकावं लागतं, तो विसरला होता. आतली राळ कॅल्शियम धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. भरली की मिठाच्या पाण्यानं धुवायची. कपड्यांना उत्तम, बॉयलरला उत्तम, प्यायला नाही. बीपीवाल्याला तर नाहीच. टीडीएस मीटर लावलं तर आकडा तसाच दिसतो, म्हणून त्याला वाटत होतं मशीन बिघडली. मीठ टाकलं. काम झालं. पैसे उद्या.

७.३०

दिवसाचं खरं काम शेवटी आलं. मागच्या पाण्याला खालच्या गल्लीतल्या एका घरातून मी एक छोटी बाटली भरून आणली होती. तिथल्या आजोबांच्या नातवाला दोनदा हगवण लागली होती. या बाटलीत आतून कागदाची पट्टी असते. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायची. एका-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. ही बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच शाईसारखी झाली होती.

त्या घरात आरओ आहे. मीटरवर आकडा ४० दाखवतो, आजोबा आल्या-गेल्याला तो दाखवतात. पण नातू तोंड धुतो ते नळाच्या पाण्यानं. काकडी धुतली जाते तीही त्यानंच, ताटं विसळली जातात तीही.

आता नळ बंद, पाइप रिकामा, म्हणून उघडायला हीच वेळ बरी. घरासमोरच्या नालीत हात घालून जोड शोधला. जुना जीआय पाइप, नालीच्या पाण्यात बुडालेला. बोटांनी चाचपत गेलो तर आटे संपतात तिथं पत्र्यासारखी धार लागली आणि बोट आत गेलं. पहाटे टिल्लू पंप सुरू झाला की याच भोकातून नालीचं पाणी घरात जात होतं. सातपुड्यातून पन्नास-साठ किलोमीटर गोडं पाणी आणायचं, गाळायचं, तुरटी आणि क्लोरीन घालायचं, आणि शेवटच्या चार फुटांत घालवायचं.

नालीतला तुकडा कापून टाकला. नवा निळा एमडीपीई पाइप नालीच्या वरून नेला, वर जाड पाइपाचं आवरण घातलं, मुख्य पाइपावरचा फेरूलचा जोड नवा केला. हौद रिकामा करून टीसीएलच्या पाण्यानं धुतला. आजोबा टॉर्च धरून उभे होते. "मंग आरओ कायले घेतला मी?" मी म्हटलं, बोअरचं पाणी प्यायची वेळ आली तर लागेल. आणि टिल्लू काढा म्हटलं. त्यांनी समोरच्या घराकडे बोट दाखवलं, "त्यानं काढला तं मी बी काढतो." समोरच्याचंही उत्तर मला पाठ आहे.

फेरूलपासून घरापर्यंतचा पाइप घरमालकाचा असतो, नळ सोडणाऱ्यांचा नाही. त्याची दुरुस्ती आज ज्या पैशांत झाली, त्यात आरओची एक मेम्ब्रेन येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावात नळ रोज येत नसेल, त्यांनी एवढं करावं. नळ नसलेल्या दिवशी, उजेडात, आपला पाइप दारातून मुख्य पाइपापर्यंत डोळ्यांनी पाहत जावा. तो नालीतून गेलेला दिसला तर नळवाल्याला बोलवा. कोणालाही बोलवा, फक्त येताना मीटर आणि पेटी घेऊन येणाऱ्याला नको.